दिवसा सांगितलेली गोष्ट

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी घाटंजीला गेलो, तो अगदी साध्या कामाला. मामाच्या कॉम्प्युटरमधली जागा संपत होती.

मशीनमधली जागा संपण्यात भुताटकीचं काही नसतं, हे आधीच सांगून टाकतो. यवतमाळात माझं पोटच त्यावर चालतं. शाळा, पतसंस्था, दवाखाने, जिनिंगवाले, सगळे एकच रडगाणं घेऊन येतात, की काल होती ती जागा आज नाही. मी जातो, दोन-चार आज्ञा देतो, आणि दहातल्या नऊ वेळा कुणाच्या तरी साळ्याच्या लग्नाचं शूटिंग निघतं. दहावं काम जरा अवघड असतं, पण त्यालाही कारण असतंच. कारण सापडलं नाही असं माझ्या पंधरा वर्षांत एकदाच झालं. तेच सांगतो.

माझं नाव संघर्ष. वडिलांनी मोठ्या उमेदीने ठेवलं आणि मी आयुष्यभर कूलरच्या वाऱ्यात बसून कामं केली. पाचवीपासून दहावीपर्यंत मी घाटंजीला मामाकडे होतो. धर्मपाल मामा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचा. भूतखेत, भानामती, अंगात येणं, यातलं काही त्याच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हतं. गल्लीत कुणी लिंबू-मिरची टाकली तर तो लिंबू उचलून आणायचा आणि मामी त्याचं सरबत करायची. आम्ही सगळे ते पिऊन ठणठणीत राहायचो.

मामीचं नाव सत्यशीला. तिच्याकडे गोष्टी होत्या. किती, ते तिलाही माहीत नव्हतं. रात्री जेवणं झाली की ती माझ्या अंथरुणाशी बसायची आणि सुरू करायची. आमच्याकडे गोष्ट एकट्याने सांगता येत नाही. ऐकणाऱ्याने दर वाक्याला 'हूं' म्हणावं लागतं. त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार चालू आहे तोवर गोष्ट चालू, हुंकार थांबला की समजायचं, पोरगं झोपलं. मग मामी हळूच म्हणायची, "निजलं वाटते." आणि दिवा मालवायची. हे मला ठाऊक आहे, कारण कितीतरी वेळा मी ते दोन शब्द ऐकण्यासाठी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो होतो. ते ऐकले की खरीच झोप लागायची.

तिचा नियम एकच होता. दिवसा गोष्ट सांगायची नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. माझा मामा तर शेजारीच पेपर वाचत बसलेला असायचा. तो चष्म्यावरून बघून म्हणायचा, "मी कायले चुकतो बे? मले घाटंजीतल्या साऱ्या गल्ल्या पाठ हायेत."

मामा रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून गोष्टीची लाइन काढली. एक फोन नंबर. आसपासच्या गावांतल्या, कोलामांच्या पोडांवरच्या, तांड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यावर फोन करायचा आणि आपल्याला येते ती गोष्ट सांगायची. मागच्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर मी लिनक्स टाकून दिलं होतं, त्यात ती गोष्ट आपोआप साठत जायची. पहिल्या महिन्यात एकही गोष्ट पुरी झाली नाही. म्हाताऱ्या दोन वाक्यं बोलायच्या आणि थांबायच्या. मी तारा तपासल्या, माइक बदलले. मामी हसली आणि म्हणाली, "अरे, तुही मशीन हुंकार देते का?" मग तीच माइकवाला हेडफोन लावून बसायला लागली. तिच्या हुंकारावर सहा वर्षांत अकराशे गोष्टी जमल्या.

गेल्या ऑक्टोबरच्या अकरा तारखेला मामी गेली. यवतमाळच्या एका दवाखान्यात होती, हृदयाचं दुखणं. सोबत मामा-मामीची मुलगी रुपाली होती. मामा कपडे न्यायला एका दिवसासाठी घाटंजीला आला होता. भर दुपारी मामीने वॉर्डातून गोष्टीच्या लाइनवर फोन लावला. पडून पडून कंटाळली होती. मामाने हेडफोन लावला, हुंकार दिला, तिने गोष्ट सुरू केली. त्या फोनवर असतानाच ती गेली.

आता माझा गुन्हा. नोव्हेंबरात त्या मशीनची जागा संपत आल्याचा इशारा माझ्या फोनवर आला. मी यवतमाळहूनच, घरबसल्या, आत शिरलो. सगळ्यात मोठी फाइल अकरा ऑक्टोबरची होती, पंचवीस जीबी. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. कुणीतरी म्हातारं फोन ठेवायला विसरलं असेल म्हणून मी ती पुसली. सोबत पाच-पन्नास फालतू फाइली पुसल्या, थोडी जागा मोकळी झाली, मी खोलात गेलो नाही. तारीख डोळ्यांसमोर होती. ज्या तारखेला मी मामीला खांदा दिला ती तारीख, आणि माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

आठवड्याने मामाचा फोन आला. "संघर्षा, तुह्या मामीची शेवटची गोष्ट काढून दे बापा. अकरा तारखेची. माह्यानं सापडून नाही राह्यली."

मी म्हणालो, "मिळून जाईल मामा. शोधतो."

सहा महिने मी हेच म्हणत होतो. याच कारणाने सहा महिने घाटंजीला गेलोही नव्हतो.

*

मेमधला मामाचा फोन मात्र टाळता येईना. मशीनने नवी गोष्ट साठवायला नकार दिला होता. मी दूरवरून तीनदा जागा करून दिली होती आणि तिन्ही वेळा ती हळूहळू पुन्हा गेली होती. दिवसाला जवळपास पाऊण जीबी. रोज तेवढीच. रविवार नाही, सण नाही.

ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून निघालो आणि नेहमीप्रमाणे उशीर झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सागाची झाडं पान नसलेली उभी होती. अकरा वाजता घाटंजीत शिरलो तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीची भीती कुणाला वाटत नाही. लोक अंगणात खाटा टाकून गप्पा मारत असतात. सुनसान असते ती दुपार.

"जय भीम, मामा."

"ये. जय भीम." मामाने दार उघडलं. सहा महिन्यांत तो निम्मा झाला होता. सदऱ्याची वरची गुंडी खालच्या काजात होती. मामी असती तर उंबऱ्यातच टोकलं असतं. "जेवून घे पह्यले. भात जास्त झाला. रोजच होते. दोघाचाच टाकतो मी, हाताले सवय हाय."

मागच्या खोलीला खिडकी होती, तिच्यावर गोणपाट. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, आणि अंधार. मशीनचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. टेबलावर काहीतरी टॉवेलखाली झाकून ठेवलेलं होतं.

"हे काय मामा?"

"हेडफोन हाय. राहू दे. त्या दिवशी ठेवला तसाच हाय."

मी स्क्रीनसमोर बसलो. पहिली आज्ञा विचारली, डिस्क किती भरली? उत्तर आलं, काठोकाठ. दुसरी विचारली, आत काय काय आहे ते सगळं मोजून सांग. तिने एकेक फाइल मोजली, आणि बेरीज आली ती दोनतृतीयांशाच्या आसपास. तीन कळश्यांचा हंडा भरलेला आहे, पण ओतून बघितलं तर त्यात दोनच कळश्या पाणी. मधलं एकशे अठ्ठेचाळीस जीबी कुणाच्याच नावावर नव्हतं.

"म्हणजे चोरी होऊन राह्यली का?" मामाने विचारलं.

"नाही मामा. असं होतं कधी कधी." आणि मी त्याला समजावू लागलो, कारण समजावताना मला बरं वाटतं. फाइल पुसली म्हणजे फक्त तिचं नाव पुसलं जातं. पण एखाद्या प्रोग्रामने ती उघडून धरलेली असेल तर नाव गेलं तरी फाइल जात नाही. रेशन कार्डावरून नाव कमी केलं, पण माणूस घरात बसून जेवतोच आहे, तसं. यादीत दिसत नाही, जागा मात्र खातो. धरणाऱ्याने सोडलं की मग जातो, कायमचा.

मामा टॉवेलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बराबर हाय."

मी तिसरी आज्ञा दिली. नाव पुसलेल्या, पण कुणीतरी धरून ठेवलेल्या फाइली दाखव. एकच ओळ आली. गोष्टी साठवणाऱ्या प्रोग्रामने ती धरली होती. पुढे पुसल्याची खूण, आणि तारीख. अकरा ऑक्टोबर.

मी ओळ पुन्हा वाचली. पहिल्यांदा जे वाटलं ते भय नव्हतं. आनंद होता. मी पुसलेली मामीची गोष्ट गेलेली नव्हती. सहा महिने ती या डब्यात बिननावाची बसून होती. मशीन एकदा जरी बंद झालं असतं तर संपलं असतं सगळं. मी बघितलं, मशीन किती दिवस सलग चालू आहे. दोनशे अठरा दिवस. घाटंजीत! इथे सात तास लाइट टिकली तर लोक घड्याळ बंद पडलं का बघतात. इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटरीवर मीच दोन वर्षांपूर्वी 'मेली' असा शिक्का मारलेला होता.

मग मी ते बोलून टाकलं. खुर्ची फिरवली आणि मामाच्या पायांकडे बघत सांगितलं, की फाइल मीच पुसली होती, आणि सहा महिने खोटं बोललो.

मामा खाली बसला, जमिनीवर. "पुसली तू," तो म्हणाला. "अन् मी मधातच उठलो."

"म्हणजे?"

"गोष्ट अर्धी झालती. इतक्यात बाजूच्या गुलाबसिंगची शेळी मेथीच्या वाफ्यात शिरली. तुह्या मामीनंच लावलेला वाफा. मी तिले म्हनलं, थांब, आलोच. हेडफोन ठेवला अन् काठी घेऊन पळालो. शेळी हाकलली, गुलाबसिंगसंग भांडलो. वापस आलो तं... आवाजच नाही. मले वाटलं निजली." त्याने चष्मा पुसला. "हुंकार तोडला मी, संघर्षा. तिनं काय केलं असन? वाट पाह्यली असन."

मामाने तीस वर्षं पोरांना हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढून शिकवलं होतं. त्याला माहीत होतं काय झालं ते. तरी तो हे बोलत होता, आणि मला त्याला काही शिकवता आलं नाही.

*

धरणाऱ्याच्या मुठीतून फाइल वाचता येते. मी सुरुवातीचा तासभर एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, तो खिशात ठेवला, खिशावर हात ठेवून खात्री केली, आणि मग स्पीकर लावला.

"दिवसा गोष्ट कायले?" हा मामाचा आवाज, जाडजूड, सात महिन्यांपूर्वीचा. "मामा वाट चुकते ना."

"मले कुठी मामा राह्यला आता? द्या हुंकार." ही मामी. दमलेली, पण हसत होती. मागे वॉर्डातला पंखा करकरत होता.

गोष्ट अशी. एका बाईचा नवरा कापसाची बैलबंडी घेऊन दिग्रसच्या बाजारात गेला. हूं. जाताना म्हणाला, येतो. हूं. इकडे कुणीतरी भर दुपारी गोष्ट सांगितली, तिकडे तो वाट चुकला. हूं. बाईने चूल विझू दिली नाही, रोज दोघांचा भात टाकला. हूं. लोक म्हणाले, नाव टाक त्याचं, तो काही येत नाही आता. तिने नाही टाकलं. हूं. मग एका दुपारी बंडीची घुंगरं वाजली. तिनं दार उघडलं, पाहते तं...

शेळी ओरडली. "थांब, आलोच," मामा म्हणाला. खुर्ची सरकली.

मी स्पीकर बंद करणार होतो. मामाने हात वर केला. पंखा करकरत होता. मग अगदी जवळून मामी म्हणाली, "बरं." बस्स, एवढंच. नंतर कुणाचं तरी धावणं, रुपालीची किंकाळी, आणि सगळं दूर गेल्यासारखं झालं.

आम्ही दोघंही रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण फाइल एका तासाची नव्हती. एकशे अठ्ठेचाळीस जीबी होती, आणि मला एकदम उमगलं की दिवसाला पाऊण जीबी म्हणजे काय. फोनवरचं बोलणं चोवीस तास अखंड साठवलं तर एवढीच जागा लागते. मी लाइनचा तक्ता उघडला. मामीचा नंबर. लाइन चालू. पुढे दिवस, तास, मिनिटं, आणि सेकंद पळत होते.

"मामा, मामीचा फोन कुठे आहे?"

त्याने कपाटातून आणून दाखवला. बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलेलं होतं. आत सिमची जागा रिकामी.

लाइन अडकते, असं होतं. समोरचा गेला तरी प्रोग्रामला कळत नाही आणि तो मुकाट्याने शांतता साठवत बसतो. मी मामाला हेच सांगितलं आणि खात्री करून द्यायला फाइल मधूनच कुठूनतरी वाजवली. जानेवारीतली असावी.

शांतता नव्हती. टॉवेलखालच्या हेडफोनने ही खोली ऐकली होती. मामाचा खोकला ऐकू आला, चमच्याचा आवाज, मग मामा स्वतःशीच बोलताना.

"भात जास्त झाला आजही."

आणि त्याखाली, पंख्याच्या करकरीत, हळूच, "हूं."

मी मामाकडे बघितलं नाही. पुढे सरकवलं. मार्च.

"रुपाली म्हनते नागपूरले चला. मी कायले जाऊ?"

"हूं."

एप्रिल. रात्र असावी, रातकिडे होते. मामा फक्त म्हणाला, "सत्यशीला..."

"हूं."

मी स्पीकरची वायर उपटली. कूलर चालू होता, पण खोलीत वाळ्याचा वास नव्हता. फिनाइलचा होता, वॉर्डात सकाळी पुसल्यावर येतो तसा.

"ती देऊन राह्यली होती," मामा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भय शोधूनही सापडलं नसतं. "सात महिने. अन् मी टावेल झाकून ठेवला."

"मामा, लाइन बंद करतो मी. गोष्ट आहे आपल्याजवळ, खिशात आहे..."

"अर्धी हाय ती."

"मामा, दुपार आहे..."

हे मी का बोललो, मला माहीत नाही. मामा हसला, चष्म्यावरून, पूर्वीसारखा. "मी कायले चुकतो बे?" तो म्हणाला. त्याने टॉवेलची घडी केली, नीट, चौकोनी. खुर्चीत बसला, हेडफोन लावला, आणि घसा साफ करून म्हणाला, "आलो मी. शेळी हाकलली. सांग."

त्याच क्षणी लाइट गेली.

कूलर थांबला. गावातले सगळे कूलर एकदम थांबले आणि जी दुपार उरली ती कानात दाटून बसली. इन्व्हर्टर टूं-टूं करू लागला. त्या मेलेल्या बॅटरीवर मशीनचा हिरवा दिवा तेवत राहिला. मी खुर्चीला खिळून स्क्रीनकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. वर डिस्कचा आकडा होता, काठोकाठ. मोकळी जागा शून्य.

"हूं," मामा म्हणाला.

हेडफोनमधून बारीक आवाज झिरपत होता. शब्द सगळे कळत नव्हते. बंडी... दारात कोनीच नोतं...

"हूं."

...बैलच होते, हाकलनारा नोता... ते तिलेच न्याले आलते...

"हूं."

...वाट तिले मालूम नोती. बैलाले मालूम होती...

"हूं." हा जरा लांबला. मामाचा आवाज मऊ झाला होता, जड. लहानपणी माझाही असाच व्हायचा. मला उठून तो हेडफोन काढायचा होता. शपथ घेऊन सांगतो, मी उठणार होतो. पण मलाही गोष्ट ऐकायची होती. सहा वर्षं जिच्या गोष्टीवर झोपलो, तिची गोष्ट वीस वर्षांनी त्याच घरात कानावर येत होती. माझ्याही घशात हूं येऊन अडकला होता. मी तो गिळला.

...बसली ती बंडीत...

"हूं..."

...अन् घुंगरं...

मी वाट बघत राहिलो. हुंकार आला नाही.

इन्व्हर्टरही गप्प झाला होता. आणि मग हेडफोनमधून, खोली ओलांडून, स्पष्ट, मायेने भरलेले दोन शब्द आले.

"निजले वाटते."

खट्. लाइन ठेवल्याचा आवाज.

स्क्रीनवरचा आकडा बदलला. मोकळी जागा, एकशे अठ्ठेचाळीस जीबी. धरणाऱ्याने सोडलं होतं. मग दिवा मालवावा तसा स्क्रीन विझला.

"मामा," मी अंधारात हाक मारली. "मामा... झाली का गोष्ट?"

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उष्माघात. वय, ऊन, आणि बंद खोली. रुपालीने त्यांना विचारलं, बाबांना त्रास झाला का, आणि त्या म्हणाल्या, चेहरा तर झोपलेल्या माणसाचा आहे. ते खरं होतं. मी घरच्यांना शेळीबद्दल, हुंकाराबद्दल काही बोललो नाही. पेनड्राइव्हवरची अर्धी गोष्ट तेवढी रुपालीला दिली.

दिवसा गोष्ट ऐकली आणि माझा मामा वाट चुकला. कधी वाटतं चुकला, कधी वाटतं त्यालाच सापडली. माझं मन काही एका जागी ठरत नाही.

मशीन मी यवतमाळला माझ्या घरी आणलं. अकराशे गोष्टी दुसरीकडे उतरवायच्या होत्या. फोनची लाइन काढून टाकलेली आहे. गोष्टी साठवणारा प्रोग्राम मी सुरूच केलेला नाही. पहिले पंधरा दिवस दोन्ही आज्ञांचं उत्तर एकच येत होतं. भांडं जेवढं भरलेलं, तेवढंच पाणी.

मग फरक पडायला लागला. आधी वाटलं माझीच काही चूक. मोजून बघितलं तर रोज नेमकी तेवढीच जागा जाते. पाऊण जीबी नाही, आता दीड. तिसरी आज्ञा दिली. नाव पुसलेल्या, धरून ठेवलेल्या फाइली दाखव. दोन ओळी आल्या.

मशीन एकदा बंद करून चालू केलं की हे संपेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला मी दोन मिनिटांत करून दिलं असतं. हेडफोन टेबलावर आहे. मी तो कानाला लावलेला नाही. लावला तर तोंडातून हूं निघेल, आणि दुपार असेल तर काय होईल ते मला माहीत आहे. टॉवेल मात्र त्यावर टाकलेला नाही. ऐकायचं असेल त्यांना, तर ऐकू दे. संध्याकाळी काम आटोपलं की मी त्या खोलीत बसून दिवसभराचं काहीबाही बोलतो.

काल बाजारात जाऊन मोठी डिस्क आणली. दिवसाला दीडच्या हिशेबाने साडेतीन वर्षं पुरेल.